धागा : ‘समन्वयाचा अभाव’ नावाची पळवाट | रायगड जिल्हा, जानेवारी-फेब्रुवारी १९९३

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील तरुणांना वाटांचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. रायगड महाड तालुक्यात उभा आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. आंबेनळी घाट चढताना प्रतापगड दिसू लागला की गाडीतील कोणी ना कोणी १६५६ च्या जावळी मोहिमेचा विषय काढतोच. डोंगराळ मुलखात समुद्राकडून देशावर जाणाऱ्या वाटा मोजक्या असतात आणि त्या मोजक्या वाटांवरील चौक्या ज्याच्या हाती, त्याच्या हाती मुलूख असतो, हे गणित इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

याच गणिताचा तीन दशकांपूर्वीचा एक अध्याय मात्र या भागात फारसा कोणी वाचत नाही. या धाग्याचा विषय तो अध्याय आहे. त्याचबरोबर त्याविषयी दर १२ मार्चला समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका चुकीच्या निष्कर्षाचा प्रतिवादही येथे करावयाचा आहे.

तो निष्कर्ष असा : १९९३ चे मुंबई बॉम्बस्फोट घडले, कारण आपल्या यंत्रणांमध्ये समन्वय नव्हता. राष्ट्रीय तपास संस्था तेव्हा असती, किनारी पोलीस ठाणी असती, माहितीची देवाणघेवाण असती, तर स्फोट टळले असते.

हा निष्कर्ष ऐकावयास समंजस वाटतो. रायगड जिल्ह्यात त्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष जे घडले, त्याच्याशी मात्र तो जुळत नाही.

आधी भूगोल. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूर व महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीला मिळते. खाडीच्या दक्षिणेस बाणकोट, उत्तरेस हरिहरेश्वर. तेथून किनाऱ्याने वर गेले की श्रीवर्धन, शेखाडी, आणि मग दिघी. या पट्ट्यात उतरलेला कोणताही जड माल मुंबईस न्यायचा झाल्यास तो प्रथम म्हसळ्याच्या बाजूने आत येतो आणि मग मुंबई-गोवा महामार्ग गाठतो. महामार्ग गाठण्याच्या गाडीवाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. एक साई-मोरब्यावरून माणगावला निघते, दुसरी गोरेगाववरून लोणेऱ्याला. दक्षिणेकडे आंबेतच्या पुलाची बाजू. महामार्गावर आल्यावर डावीकडे वळले की पनवेल आणि मुंबई, उजवीकडे महाड, पोलादपूर आणि पुढे कशेडी घाट.

तात्पर्य, ज्याला हा माल अडवायचा होता, त्याला साऱ्या समुद्रावर पहारा देण्याची गरज नव्हती. दोन-तीन फाटे पुरेसे होते. जावळीच्या मोऱ्यांना जे कळत होते, ते १९९३ मधील कस्टम्स व पोलीस अधिकाऱ्यांना कळत नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. पुराव्यावरून दिसते ते हेच की, त्यांना ते उत्तम कळत होते.

९ जानेवारी १९९३. मुंबईत दंगलीची दुसरी लाट पेटलेली होती. त्या रात्री दिघीच्या धक्क्यावर चोरटा माल उतरला. त्यात शस्त्रे होती. माल भरून निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन पोलिसांच्या पथकाने अडवल्या.

येथे क्षणभर थांबावे. ‘यंत्रणा झोपली होती’ असे म्हणणाऱ्यांसाठी ही रात्र महत्त्वाची आहे. यंत्रणा जागी होती. रात्रीच्या अंधारात, आडरानातील फाट्यावर, योग्य वेळी, योग्य गाड्यांसमोर पोलीस उभे होते. पाळत अचूक होती. दहशतवादविरोधी कारवाईच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात याला यशस्वी अटकाव म्हटले असते.

मग घासाघीस सुरू झाली. काही लाखांवर सौदा ठरला. तेवढी रोकड त्या वेळी हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवण्यात आल्या. गाड्या पुढे गेल्या.

तारण! सावकाराच्या पेढीवर जसे दागिने ठेवून घेतात, तसे शासनाच्या गणवेशातील माणसांनी चोरट्या मालातील चांदी चोरट्या मालाच्याच सुटकेपोटी ठेवून घेतली. या व्यवहाराला समन्वयाचा अभाव म्हणणे हा मराठी भाषेवरील अन्याय आहे. व्यवहार चोख होता, दोन्ही पक्षांत विश्वास होता, आणि उधारीवर काम होण्याइतकी ओळख होती.

इशाऱ्याचेही तसेच. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कस्टम्सच्या वरिष्ठांकडून गुप्त पत्र निघाले. आयएसआयच्या हस्तकांकडून सोन्या-चांदीसोबत स्वयंचलित शस्त्रांचा मोठा साठा नजीकच्या काळात किनाऱ्यावर उतरवला जाण्याची शक्यता त्यात वर्तवली होती आणि श्रीवर्धनचा परिसर त्यात नावानिशी होता. म्हणजे माहिती मिळाली होती, ती लेखी झाली होती, ती संबंधित अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचली होती, आणि ठिकाणही बरोबर होते. गुप्तवार्तेकडून याहून अधिक काय अपेक्षित असते?

फेब्रुवारीच्या ३ आणि ७ तारखांना शेखाडीच्या किनाऱ्यावर टायगर मेमनचा माल उतरला. या वेळी शस्त्रे, हातबॉम्ब आणि काही टन आरडीएक्स. माल वांगणी टॉवरपाशी नेऊन तेथे गाड्यांत लपवून भरण्यात आला आणि मुंबईकडे रवाना झाला. पुढे सव्वा महिन्याने, १२ मार्चच्या दुपारी, शेअर बाजारापासून सुरू झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मेली आणि ७१३ जखमी झाली.

या काळात कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांच्याकडे या किनाऱ्याची प्रतिबंधक कारवाई होती. इशारा हाती असूनही त्यांनी जेथून माल जाणे अटळ होते तेथे नाकेबंदी केली नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. हे प्रकरण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध सोमनाथ थापा’ हा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. कटात सामील असण्यासाठी काय लागते, हा त्यातील मुख्य प्रश्न. न्यायालयाच्या भूमिकेचा आशय असा की, बेकायदा कृत्याचे ज्ञान असणे ही मूळ अट आहे, आणि काही परिस्थितींत त्या ज्ञानावरूनच हेतूचाही निष्कर्ष काढता येतो. ज्या वस्तूचा काहीच वैध उपयोग संभवत नाही, तिच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. आरडीएक्स ही तशी वस्तू आहे. थापांवरील आरोप न्यायालयाने कायम ठेवले. पुढे टाडा न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली.

इतिहासाच्या अभ्यासकाने या निकालाकडे वेगळ्या कारणासाठी पाहावे. ‘मला वाटले चांदी असेल’ हा बचाव त्या खटल्यात सर्वत्र घुटमळत होता, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता, हीच त्यातील भयंकर बाब आहे.

कारण रायगडच्या किनाऱ्यावरील ही व्यवस्था दहशतवादासाठी उभी राहिलेली नव्हती. ती सोन्या-चांदीसाठी उभी राहिली होती. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात दुबईहून येणारे सोने आणि चांदी हा या किनाऱ्यावरील मोठा धंदा होता. गावोगाव लँडिंग एजंट होते, म्हणजे माल उतरवून घेणारे. होड्या, मजूर, बैलगाड्या, ट्रक, आणि गणवेशातील कोणाला किती द्यायचे याचा ठरलेला दर, हे सारे त्यांच्याकडे तयार असे. कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना सोने आणण्याची मुभा मिळाली आणि धंद्याचा पाया ढासळू लागला. पण किनारा, माणसे आणि दर जागेवरच राहिले. टायगर मेमनने काहीही नवे उभारले नाही. त्याने तयार रस्ता भाड्याने घेतला.

हा रस्ता कित्येक वर्षे उघडा होता आणि तो उघडा आहे हे खात्यातील प्रत्येक पायरीला माहीत होते. शिपायापासून अतिरिक्त कलेक्टरपर्यंत दोषी ठरलेल्यांची यादी पाहावी. त्यात उपनिरीक्षक आहेत, कस्टम्सचे इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडंट, असिस्टंट कलेक्टर आहेत. दोन वेगवेगळ्या खात्यांच्या, दोन वेगवेगळ्या सरकारांच्या अखत्यारीतील ही माणसे. कस्टम्स केंद्राचे, पोलीस राज्याचे. अशा दोन यंत्रणांना एका कामासाठी एकत्र आणणे किती कठीण असते, यावर दिल्लीत परिषदा भरतात. म्हसळा-श्रीवर्धनमध्ये ते काम चांदीच्या विटांनी बिनबोभाट केले होते.

म्हणून विधान नेमके करावयास हवे. १९९३ च्या रायगडमध्ये यंत्रणांत सहकार्य होते. ते चुकीच्या बाजूने होते, आणि ते तसे आहे हे ज्यांना विचारता आले असते, त्या वरिष्ठांनी वर्षानुवर्षे विचारले नाही. कमतरता होती ती नेतृत्वाची.

आता समोरच्या गडाकडे वळू. महाडकरांना तो रोज दिसतो.

शिवकालीन गडांच्या बंदोबस्ताची रीत सभासदाच्या बखरीत आली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी, तिघेही बरोबरीच्या दर्जाचे. पुढे कोठारासाठी कारखानीस. हे अधिकारी मुद्दाम वेगवेगळ्या जातींतून नेमलेले असत. एकाच्या हाती सारा कारभार नाही आणि एकाच्या संमतीने काही होत नाही. एकटा अधिकारी फितला, तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : अधिकारी फितू शकतो. हे गृहीतक अपमानकारक मानले गेले नाही. ज्या राजाने स्वतः अनेक किल्ले पैसे देऊन, वचने देऊन मिळवले होते, त्याला लाचेचे सामर्थ्य कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यामुळे त्याने अधिकाऱ्यांत सलोखा वाढवण्यावर भर दिला नाही. त्याने त्यांना एकमेकांवर नजर ठेवता येईल इतके अंतरावर ठेवले.

आजचा ‘सर्व यंत्रणा एका छत्राखाली’ हा आग्रह याच्या नेमका उलट आहे. यंत्रणा वेगळ्या असणे हा सदैव दोष नसतो. कस्टम्सने डोळेझाक केली तर पोलिसांनी पकडावे, पोलिसांनी सोडले तर कस्टम्सने विचारावे, हा त्या वेगळेपणाचा उपयोग आहे. १९९३ मध्ये हा उपयोग शून्यावर आला, कारण दोन्ही खाती एकाच थाळीत जेवत होती. या दोहोंना आणखी एका कार्यालयात बसवले असते, तर थाळीचा आकार तेवढा वाढला असता.

कोणी म्हणेल, सतराव्या शतकातील गडाची व्यवस्था आणि विसाव्या शतकातील किनारपट्टी यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे. काही अंशी ते खरे आहे. गडाला दोन दरवाजे असतात, किनाऱ्याला शेकडो. मात्र वर सांगितल्याप्रमाणे या माणगाव-महाड पट्ट्यात किनाऱ्यावरून महामार्गाकडे येणाऱ्या वाटा पुन्हा दोन-तीनच उरतात. तुलना किनाऱ्याशी नाही, त्या फाट्यांशी आहे.

शिवाय रायगडानेच या व्यवस्थेची मर्यादाही दाखवली. १६८९ च्या नोव्हेंबरात गड झुल्फिकारखानाच्या हाती गेला. सूर्याजी पिसाळ याने वाईच्या देशमुखीच्या लोभाने दरवाजा उघडला, अशी परंपरा सांगते. संशोधकांत यावर मतभेद आहेत, आणि ते असणे रास्त आहे. संभाजी महाराजांची हत्या झालेली, राजाराम महाराज गडावरून निसटून पुढे जिंजीस पोहोचलेले, वेढा अनेक महिन्यांचा. अशा गडाच्या पडण्याचे सारे श्रेय एका पिसाळाला देणे सोयीचे असते. त्या एका नावामुळे बाकीचे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

१९९३ च्या बाबतीतही हीच सोय वापरली जाते. काही जण थापांना पिसाळ करून मोकळे होतात. काही जण ‘समन्वय’ हा शब्द उच्चारून मोकळे होतात. पहिल्या उत्तरात एकच माणूस दोषी, दुसऱ्यात कोणीच दोषी नाही. या दोन्हींच्या मधल्या जागेत जे आहे, म्हणजे वर्षानुवर्षे चालू असलेला दर, तो ठाऊक असलेले वरिष्ठ, आणि ‘चांदीच आहे ना’ म्हणत वळवलेली मान, त्यावर धागे निघत नाहीत.

तिसरी एक सोय आहे, तिचाही उल्लेख येथे हवा. म्हसळा-श्रीवर्धन भागातील मुस्लिम वस्ती दाखवून ‘तेथे काय होणार होते’ असे म्हणणारे खातेदार महाडच्या ग्रुपांवरही आढळतात. फाट्यावर गाड्या अडवून सोडणाऱ्यांची आणि शिक्षा झालेल्या कस्टम्स अधिकाऱ्यांची नावे त्यांनी एकदा वाचावीत. लाच घेणाऱ्यांत दोन्ही धर्मांची माणसे होती. कटामागे पाकिस्तानात झालेले प्रशिक्षण होते, मुंबईच्या दंगलींनी पेटवलेला सूड होता, आणि हे दोन्ही न्यायालयीन व आयोगाच्या नोंदींत आहे. पण शेखाडीची वाट ज्यांनी मोकळी ठेवली, त्यांचा हेतू धर्म नव्हता, पैसा होता.

स्फोटांनंतर याच यंत्रणा कशा वागल्या, हेही पाहण्याजोगे आहे. वरळीला सोडून दिलेल्या मारुती व्हॅनवरून मुंबई पोलीस काही तासांत मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले. मुंबईतील धाग्यावरून रायगडच्या किनाऱ्यापर्यंतची साखळी उलगडली. ४ नोव्हेंबर १९९३ रोजी १८९ आरोपींविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले. त्याच महिन्यात तपास सीबीआयकडे गेला. पोलीस, कस्टम्सची कागदपत्रे, केंद्रीय संस्था, सारे एकत्र आले. खटला लांबला, ही वेगळी रड. टाडा न्यायालयाने १२३ पैकी १०० जणांना दोषी ठरवले ते २००६-०७ मध्ये. पण समन्वय ही गोष्ट जमत नव्हती असे नाही. वरून कोणी विचारू लागताच ती आठ महिन्यांत जमली.

सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ च्या निकालात कस्टम्स, पोलीस आणि तटरक्षक दल यांच्या अपयशावर कडक ताशेरे ओढले. त्या यंत्रणा कर्तव्यदक्ष असत्या तर हा साठा देशात येऊच शकला नसता, असा त्यांचा रोख आहे.

मग सुधारणा काय झाल्या? १९९३ मध्येच नौदल, तटरक्षक दल, कस्टम्स आणि राज्य पोलीस यांची महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यांवर संयुक्त गस्त सुरू झाली. तिचे नाव ‘ऑपरेशन स्वान’. म्हणजे समन्वय हेच औषध. ही गस्त कागदोपत्री अस्तित्वात असतानाच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ‘कुबेर’ या अपहृत होडीवरून आलेले दहा जण कुलाब्याला उतरले.

येथे न्याय्य असले पाहिजे. २००८ चे अपयश खरोखर निराळ्या जातीचे होते. सागरी मार्गाने हल्ल्याचे इशारे वेगवेगळ्या हातांत विखुरलेले होते, एनएसजीला मानेसरहून यावे लागले, आणि समुद्रातील जबाबदारी नेमकी कोणाची हे त्या रात्रीपर्यंत धूसर होते. त्यानंतर स्थापन झालेली राष्ट्रीय तपास संस्था, मुंबईतील एनएसजीचे केंद्र, फोर्स वन, किनारी पोलीस ठाण्यांची वाढ, यांना अर्थ आहे. या धाग्याचा रोख त्यांच्यावर नाही. तरीही राम प्रधान समितीने त्या रात्रीच्या मुंबईचा अभ्यास करताना जी टीका केली, तिच्यात तत्कालीन पोलीस आयुक्तांच्या दृश्य नेतृत्वाचा अभाव हा मुद्दा होताच. संस्था असूनही प्रश्न पुन्हा त्याच जागी आला.

आक्षेप आहे तो २००८ चे उत्तर १९९३ ला चिकटवण्यावर. दोन आजार वेगळे आहेत. एकात माहिती पोहोचली नाही. दुसऱ्यात माहिती पोहोचली आणि विकली गेली.

हा दुसरा आजार केवळ आपला नाही. २४ ऑगस्ट २००४ रोजी मॉस्कोच्या दोमोदेदोवो विमानतळावरून निघालेली दोन प्रवासी विमाने काही मिनिटांच्या अंतराने आकाशात फुटली. दोन चेचेन स्त्रिया स्फोटके घेऊन त्यांत बसल्या होत्या. विमानतळावर एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांना अडवले होते आणि तपासणी न करताच सोडून दिले होते. त्यानंतर त्यांपैकी एकीला तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्याने आणि विमान कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने मिळून विमानात चढवले. लाच होती एक हजार रूबल. रशियात तेव्हा सुरक्षा यंत्रणांचा तुटवडा नव्हता आणि त्या सर्वांच्या वर बसलेले नेतृत्व स्वतःला पोलादी म्हणवून घेत होते. गोंडघर फाटा आणि दोमोदेदोवो यांच्यात अकरा वर्षांचे आणि हजारो किलोमीटरचे अंतर आहे. अडवणारा माणूस दोन्हीकडे जागेवर होता.

‘नेतृत्व’ या शब्दाने येथे काय अभिप्रेत आहे, ते स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण समाजमाध्यमांवर या शब्दाचा अर्थ सहसा भाषण करणारा कणखर माणूस असा होतो. रायगडच्या संदर्भात तो अगदी रुक्ष आहे. एखाद्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अमुक वर्षांत चोरट्या मालाची एकही मोठी जप्ती का झाली नाही, हे विचारणारा वरिष्ठ. किनाऱ्यावरील नेमणुकीसाठी अधिकारी इतके उत्सुक का असतात, याची चौकशी करणारा वरिष्ठ. नाकेबंदीचा हुकूम निघाला तेव्हा ती नेमक्या कोणत्या फाट्यावर लागली, हे नकाशा उघडून पाहणारा वरिष्ठ. श्रीवर्धनचे नाव असलेले पत्र पाठवून झाल्यावर आपले काम संपले असे न मानणारा वरिष्ठ. यातील एकाही कामासाठी नवा कायदा लागत नाही.

गेल्या काही वर्षांतील एक प्रसंग. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे सापडली. काही तासांत जिल्हाभर नाकेबंदी झाली, एटीएस आली, तटरक्षक दल आले, महाड-माणगाव पट्ट्यात गाड्या तपासल्या गेल्या. नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून तिचे इंजिन जूनमध्ये ओमानजवळ बंद पडले, माणसांची सुटका झाली आणि रिकामी नौका वाहत इकडे आली, असा खुलासा विधिमंडळात करण्यात आला. घातपाताचा संशय फिटला, सर्वांनी निःश्वास टाकला. यंत्रणांच्या तत्परतेचे कौतुकही झाले, आणि ते योग्यच होते. पण बंदुका घेऊन आलेली ती होडी किनाऱ्याला टेकेपर्यंत कोणी अडवली नव्हती, आणि तिच्यात सौदा करायला कोणी माणूसही नव्हता. फाट्यावरची परीक्षा त्या दिवशी झालीच नाही.

शेवटी एका अहवालाबद्दल, कारण हा विषय तेथेच अडकून पडला आहे. स्फोटांनंतर, जुलै १९९३ मध्ये, केंद्राने तत्कालीन गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रॉ, आयबी आणि सीबीआयचे प्रमुख तिचे सदस्य होते. गुन्हेगारी टोळ्या, तस्कर आणि त्यांना अभय देणारे सरकारी अधिकारी व राजकारणी यांच्यातील साटेलोटे तपासणे, हे काम. समितीने ऑक्टोबरात अहवाल दिला. निदान धारदार होते : माफियांचे जाळे देशाच्या काही भागांत जणू समांतर सरकार चालवते आहे, आणि अधिकारी व राजकारणी त्यात आहेत. गोंडघरच्या तारण ठेवलेल्या विटा या निदानात चपखल बसतात.

आणि सुचवलेला उपाय काय होता? सर्व यंत्रणांची माहिती एकत्र करणारा, गृहसचिवांच्या देखरेखीखालील एक मध्यवर्ती कक्ष. रोग ओळखला साट्यालोट्याचा, औषध लिहिले समन्वयाचे.

अहवाल जवळपास दोन वर्षे दडून राहिला. १९९५ मध्ये दिल्लीतील नैना साहनी खुनाने गदारोळ उठला, तेव्हा त्याचा छोटासा भाग संसदेपुढे ठेवण्यात आला. ज्यांच्या आधारे निष्कर्ष काढले, ती मूळ टिपणे व नावे त्यात नव्हती. ती उघड व्हावीत म्हणून खासदार दिनेश त्रिवेदी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ मध्ये न्यायालयाने ती जाहीर करण्याचा आदेश देण्यास नकार दिला. टिपणे आजही बंद आहेत.